लाउंजचं तिकीट, मुलाची जर्सी आणि बाबांची टोपी

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारे मँचेस्टरला नोकरी करतात. साताऱ्याहून आई-बाबा आले आहेत म्हणून त्यांनी जानेवारीतल्या एका शनिवारच्या प्रीमियर लीग सामन्याची हॉस्पिटॅलिटीची चार तिकिटं काढली आहेत. लाउंजमध्ये जेवण आणि मग बाहेर स्टँडमधल्या गादीच्या खुर्च्या. क्लबच्या ईमेलमध्ये पोशाखाबद्दल एकच ओळ आहे: स्मार्ट कॅज्युअल, फुटबॉल जर्सी आणि पाहुण्या संघाचे रंग चालणार नाहीत. तर जीन्स चालेल का? आईची साडी आणि बाबांची टोपी चालेल का? आणि नऊ वर्षांचा मुलगा लिव्हरपूलचा कट्टर चाहता आहे, त्या दिवशी लिव्हरपूलच पाहुणा संघ आहे, तर जॅकेटच्या आत जर्सी घातली तर कुणाला कळणार आहे?

मी पुण्यात हॉटेल मॅनेजमेंट केलं आणि इथे आल्यापासून इंग्लंडमधल्या मैदानांच्या लाउंजमध्येच काम करते आहे. आधी टेबलं लावली, मग पाहुण्यांची यादी घेऊन दारावर उभी राहिले, आता नव्या मुलामुलींना तेच काम शिकवते. त्यामुळे दाराच्या आतून काय दिसतं ते सांगते.

जर्सीचं आधी सांगते, कारण तुमच्या सगळ्या प्रश्नांत फक्त याच एका गोष्टीमुळे तुम्हाला सामना अर्धवट सोडून बाहेर पडावं लागू शकतं. जर्सी घरी ठेवा. जॅकेटच्या आत नको, बॅगेत नको, स्वेटरच्या खालीही नको.

ईमेलमधल्या त्या ओळीत दोन वेगवेगळे नियम एकत्र बसवलेले आहेत. ‘स्मार्ट कॅज्युअल’ हा शिष्टाचार आहे. त्यात थोडं इकडेतिकडे झालं तर दारावरची माणसं सांभाळून घेतात. रंगांचा नियम मात्र सुरक्षेचा आहे, आणि त्यात कुणी सांभाळून घेत नाही. सत्तर-ऐंशीच्या दशकांत इथल्या मैदानांवर दोन्हीकडच्या समर्थकांच्या मारामाऱ्यांनी कहर केला होता. त्यातून पाहुण्या संघाच्या लोकांना वेगळ्या कोपऱ्यात, वेगळ्या दारांनी आणि मध्ये स्टुअर्डांची, म्हणजे मैदानातल्या सुरक्षा कर्मचाऱ्यांची, रांग लावून बसवायची पद्धत पक्की झाली. लाउंज आणि त्याच्या खुर्च्या जवळजवळ नेहमी यजमान संघाच्या भागात असतात. लाउंजमध्ये तुमच्या टेबलाशेजारी कंपनीचे शांत पाहुणे असतील, पण बाहेर खुर्चीवर बसलात की चार रांगा खाली तीस-तीस वर्षं सीझन तिकीट घेणारी माणसं असतात. तिथे पाहुण्या संघाची जर्सी दिसली की स्टुअर्डला ती व्यक्ती हलवावीच लागते. मैदानाच्या नियमावलीत तसं लिहिलेलं असतं, तिकीट घेताना आपण ते मान्य केलेलं असतं आणि पैसे परत मिळत नाहीत.

‘आत घातली तर कुणाला कळतं’ हे मला फार जणांनी विचारलं आहे. सामन्याच्या शेवटच्या दहा मिनिटांत पाहुण्या संघाने गोल केला की कळतं. एकदा एक चांगले पन्नाशीचे गृहस्थ, जेवताना सगळ्यांशी गोड बोलणारे, त्या क्षणी उभे राहिले आणि नकळत त्यांच्या हाताने गळ्यापासून पोटापर्यंत जॅकेटची चेन ओढली. आतली जर्सी सगळ्या ब्लॉकने पाहिली. कुणी अंगावर आलं नाही, पण आरडाओरडा इतका झाला की दोन स्टुअर्ड आले आणि त्यांना व त्यांच्या पत्नीला मागच्या जिन्याने खाली घेऊन गेले. त्या बाईंचा काही दोष नव्हता. त्यांचा कोट आणि पर्स लाउंजमध्येच राहिली होती, ती मी नंतर गेटवर नेऊन दिली. हे प्रौढ माणसाचं झालं. नऊ वर्षांच्या मुलाला तो क्षण आवरता येईल, अशी अपेक्षा ठेवणं त्याच्यावर अन्याय आहे.

बरेच क्लब लहान मुलांना लाउंजमध्ये यजमान संघाची जर्सी घालू देतात, मोठ्यांना मनाई असली तरी. पाहुण्या संघाची मात्र मुलांनाही नाही. तेव्हा मुलाशी आदल्या दिवशी बोला, गेटवर नको. कपड्यांइतकंच वागण्याचंही सांगा: लिव्हरपूलने गोल केला तर टाळी नाही, उडी नाही, तुमचा हात घट्ट धरायचा. हे त्याला जमणार नाही असं मनापासून वाटत असेल, तर त्याच्यासाठी यजमान संघाविरुद्ध दुसरा कुणीतरी खेळत असेल असा सामना निवडणं बरं. नाहीतर त्याला थेट लिव्हरपूलच्या मैदानावर, ॲनफिल्डलाच न्या. तिकीट मिळायला वेळ लागेल, पण तिथे त्याला मोकळेपणाने ओरडता येईल.

आपल्या लोकांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट वारंवार घडते. फुटबॉलची जर्सी चालत नाही म्हटल्यावर भारतीय क्रिकेट संघाची निळी जर्सी घालून येतात. २०१९ च्या विश्वचषकाची उपांत्य फेरी ओल्ड ट्रॅफर्डला झाली, तेव्हापासून घरोघरी ती जर्सी आहे, आणि ओल्ड ट्रॅफर्ड म्हटलं की आपल्याला आधी क्रिकेटच आठवतं. पण क्रिकेटचं ओल्ड ट्रॅफर्ड आणि मँचेस्टर युनायटेडचं ओल्ड ट्रॅफर्ड ही दोन वेगळी मैदानं आहेत, एकमेकांपासून पायी थोड्याच अंतरावर. लाउंजच्या दारावर भारताची जर्सी ही खेळाची जर्सीच धरली जाते. शिवाय ती निळी, आणि सामना मँचेस्टर सिटीविरुद्ध असेल तर निळा हा नेमका पाहुण्यांचा रंग. साध्या शर्टाचा रंग निवडतानाही हे लक्षात ठेवा. निळ्या ऑफिस शर्टाला कुणी काही म्हणत नाही, पण पाहुण्या संघाच्या रंगाचा भडक स्वेटर, त्याच रंगाचा मफलर असं एकत्र करू नका. लिव्हरपूलविरुद्धच्या सामन्याला लाल टाळा, राखाडी किंवा गडद हिरवा घाला आणि निवांत राहा.

आता कपडे. साखरपुड्याला दूरच्या नात्यातला माणूस जसा नीटनेटका पण न मिरवता जातो, तसं जायचं. पुरुषांसाठी कॉलरचा शर्ट, वर स्वेटर किंवा ब्लेझर, आणि साधी पँट. गडद रंगाची, न फाटलेली, न विटलेली जीन्स आता बहुतेक लाउंजमध्ये चालते. टाय लागत नाही. ट्रॅकसूट, हुडी, गुडघ्यावर फाटलेली फॅशनची जीन्स, हाफपँट, डोक्यावर बेसबॉल कॅप या गोष्टींवर दारावरची नजर जाते. बुटांचा नियम मात्र जागोजागी वेगळा असतो. काही ठिकाणी कातडी, एकरंगी, स्वच्छ स्नीकर चालतात. काही ठिकाणी खेळाचे बूट म्हटले की नाहीच. एकदाच काळे किंवा तपकिरी कातडी बूट घालून गेलात की विषय संपतो.

कपड्यांचा हा नियम आला कुठून, हे कळलं की त्याचा राग येत नाही. ब्रिटनमधल्या फुटबॉल मैदानावर पहिले खासगी बॉक्स ओल्ड ट्रॅफर्डला १९६५ मध्ये झाले, पुढच्या वर्षीच्या विश्वचषकासाठी स्टँड नव्याने बांधला तेव्हा. तिथे बसणारे स्थानिक कारखानदार, व्यापारी. संचालकांच्या दालनात कोट-टायची जी रीत होती तीच त्यांनी उचलली. हिल्सबरो मैदानावर १९८९ मध्ये झालेल्या चेंगराचेंगरीच्या दुर्घटनेनंतर आलेल्या १९९० च्या टेलर चौकशी अहवालामुळे वरच्या दर्जाच्या लीगमधल्या मैदानांवर सगळ्यांना बसायला खुर्च्या आल्या, १९९२ मध्ये प्रीमियर लीग सुरू झाली, आणि क्लबांना कळलं की जेवणासकट विकलेल्या एका खुर्चीतून साध्या खुर्चीच्या कितीतरी पट पैसे येतात. कंपन्या आपले ग्राहक आणू लागल्या. एका टेबलावर यजमान संघाचा माणूस, दुसरा पाहुण्या संघाचा, तिसऱ्याला फुटबॉलमधलं काहीच कळत नाही. अशा खोलीत कुणीच जर्सी घालू नये, सगळे सारखे दिसावेत, ही सोय होती. सामान्य प्रेक्षकाला त्यात श्रीमंती दिसली, आणि तेही चूक नव्हतं. २००० मध्ये मँचेस्टर युनायटेडचा कर्णधार रॉय कीन उघडपणे म्हणाला होता की इथे काही लोक दोन पेले आणि कोळंबीचं सँडविच घेऊन बसतात, मैदानावर काय चाललंय ते त्यांना कळत नाही. तो शब्दप्रयोग इथे इतका रुळला की आजही लाउंजमधल्या लोकांना ‘कोळंबी-सँडविचवाले’ म्हणूनच ओळखतात.

मग गेल्या काही वर्षांत नियम सैल का झाले? कारण गिऱ्हाईक बदललं. कंपनीच्या पाहुण्यांबरोबर आता तुमच्यासारखी कुटुंबं येतात, स्वतःच्या खिशातून पैसे भरून, कुणाच्या तरी वाढदिवसाला. ऑफिसांतूनच टाय गेला. नवी लाउंज वेगळ्या विचाराने बांधली गेली. मँचेस्टर सिटीने २०१७ मध्ये खेळाडू मैदानात येतात तो बोगदा काचेआडून दिसेल असं दालन उघडलं, टॉटनहॅमच्या २०१९ मध्ये सुरू झालेल्या मैदानातही तसं आहे. एकाच मैदानात एका टोकाला बारसारखं लाउंज असतं, जिथे यजमान संघाची जर्सी बिनधास्त चालते. मधल्या जेवणाच्या दालनांत स्मार्ट कॅज्युअल. आणि संचालकांच्या दालनात अजूनही कित्येक ठिकाणी कोट-टाय. म्हणून ‘अमुक मैदानावर काय चालतं’ असं विचारून उपयोग नाही. तुमच्या तिकिटावर लाउंजचं जे नाव आहे त्याचा नियम बघावा लागतो. मित्र मागच्या वर्षी स्नीकर घालून गेला होता म्हणजे तुमच्या लाउंजमध्ये चालेलच असं नाही; तो कदाचित एक मजला खाली होता.

माझं मत विचाराल तर बुटांचा नियम जायला हवा. चांगल्या कपड्यांत आलेल्या माणसाला बुटांवरून दारात थांबवताना मला कधीच बरं वाटलं नाही. यजमान संघाची जर्सी मोठ्यांनाही घालू द्यावी, निदान जेवणाच्या साध्या दालनांत. ज्यांच्या प्रेमावर क्लब उभा आहे त्यांनीच ते लपवून यायचं हे मला पटत नाही. पाहुण्यांच्या रंगांचा नियम मात्र आहे तसाच कडक राहावा. त्याने माणसं सुरक्षित राहतात, आणि स्टुअर्डची नोकरी आधीच अवघड आहे.

आता आई-बाबा. साडी हा पूर्ण, व्यवस्थित पोशाख आहे आणि आजवर कुठल्याही लाउंजच्या दारावर साडीला हरकत घेतलेली मी पाहिलेली नाही. नेहरू शर्ट, बंडी, सलवार-कमीज, धोतर-कोट, सगळं चालतं. अडचण नियमाची नाही, थंडीची आणि पायऱ्यांची आहे. जेवण आत उबेत होतं, पण सामना बाहेर बघायचा असतो. गादीची खुर्ची असली तरी समोरून वारा येतो, जानेवारीच्या दुपारी तापमान पाच-सात अंश, आणि तीनच्या सामन्याचा दुसरा हाफ सुरू होईपर्यंत उजेड कमी व्हायला लागतो. आईंना साडीच्या आत थर्मलची पँट आणि वर पूर्ण बाह्यांचं थर्मल द्या, त्यावर स्वेटर, मग लांब कोट. शाल सोबत असू द्या, मांडीवर घ्यायला. साडी सिंथेटिक किंवा जाड सुती असलेली बरी. पैठणीवर पावसाचे थेंब आणि बाजूच्या प्रेक्षकाच्या चहाचे डाग, दोन्ही पडू शकतात. स्टँड उभे चढाचे असतात, इथल्या मार्गदर्शक नियमांत ३४ अंशांपर्यंत चढाला परवानगी आहे. निऱ्या नेहमीपेक्षा दोन बोटं वर खोवायला सांगा आणि उतरताना कठड्याच्या बाजूने उतरू द्या. जागा निवडायची सोय असेल तर गल्लीजवळची आणि लाउंजच्या दारापासून कमी पायऱ्यांची मागून घ्या.

साडीखाली मोजे आणि स्पोर्ट्स शूज, हे आपल्या आयांचं परदेशातलं पादत्राण मला चांगलं माहीत आहे, माझी आईसुद्धा तशीच फिरते. ते घालू द्या. काळे किंवा गडद असतील तर कुणाचं लक्षही जात नाही. मधुमेहामुळे किंवा गुडघ्यांमुळे तेच बूट लागत असतील तर क्लबला आधी कळवून ठेवा. २०१० च्या समानता कायद्याखाली अपंगत्व किंवा दीर्घ आजार असलेल्या ग्राहकासाठी वाजवी सोय करणं सेवा देणाऱ्यावर बंधनकारक आहे, आणि हॉस्पिटॅलिटीची माणसं अशा विनंतीला लगेच होकार देतात. बाबांच्या कोल्हापुरी चपला मात्र नकोत. पुरुषांच्या उघड्या चपलांना काही लाउंज हरकत घेतात, आणि हरकत नसली तरी ओल्या काँक्रीटवर त्या घसरतात.

बाबांच्या टोपीबद्दल तुम्ही खास विचारलंत. ‘आत आल्यावर टोपी काढा’ हा नियम कॅप आणि लोकरी टोप्यांसाठी असतो. पगडी, हिजाब, ज्यू लोकांची किप्पा टोपी यांना तो लागू करत नाहीत. धर्मावरून ग्राहकाशी भेदभाव करायला त्याच कायद्याने बंदी आहे. गांधी टोपी धर्माची नाही, रिवाजाची आहे, पण दारावर कुणी तेवढा कीस पाडत नाही. नवीन मुलगा असेल तर चुकून टोपी काढायला सांगेल. माझ्यासमोर एकदा असं झालं. एक आजोबा होते, पांढरीशुभ्र इस्त्रीची टोपी, काळा कोट. आमच्या मुलाने टोपी काढायला सांगितली आणि ते लगेच काढायला लागले. त्यांनी ती दोन्ही हातांनी उचलली, घडी मोडू नये म्हणून, आणि ठेवायची कुठे म्हणून इकडेतिकडे बघू लागले. मी मराठीत म्हटलं, “आजोबा, राहू द्या, घाला.” त्या मुलाला नंतर समजावलं. तेव्हापासून प्रशिक्षणात मी टोप्यांचे फोटो दाखवते, पुणेरी पगडी आणि कोल्हापुरी फेट्यासकट. बाबांना सांगा, कुणी म्हणालंच तर टोपीला हात न लावता लाउंज मॅनेजरला बोलवायचं. शांतपणे बोलावलं की नव्वद टक्के गोष्टी तिथेच मिटतात.

तुम्ही विचारलं नाहीत तरी एक सांगते, कारण आपले पाहुणे यात अडकतात. कपड्यांचा नियम क्लबचा आहे, पण पेल्याचा नियम देशाचा आहे. इंग्लंड-वेल्समध्ये १९८५ च्या कायद्यानुसार फुटबॉल मैदान जिथून थेट दिसतं अशा जागी सामन्याच्या वेळी दारू बाळगता येत नाही. खासगी बॉक्समध्येही सामन्याआधी पंधरा मिनिटांपासून सामना संपल्यानंतर पंधरा मिनिटांपर्यंत ही बंदी असते. म्हणून लाउंजमध्ये सामन्याच्या वेळी पडदे ओढलेले दिसतील. बीअर अर्धी राहिली असेल तर आतच ठेवून या. कोटाच्या खिशातून बाटली नेण्याच्या भानगडीत कुणी पडू नये.

सामानाचंही बघा. बहुतेक मैदानांवर एफोर कागदाच्या आकारापेक्षा मोठी बॅग आत नेता येत नाही, काही ठिकाणी त्याहूनही लहान मर्यादा आहे. आईंची मोठी पर्स, डबा, औषधं, पाण्याची बाटली हे सगळं एका लहान पिशवीत बसवा. औषधं जवळच ठेवा. कोट ठेवायला लाउंजमध्ये सोय असते, पण बाहेर जाताना कोट लागणारच आहे, म्हणून तोही खुर्चीच्या पाठीला लावून ठेवला तरी चालतो.

गोव्यात फातोर्डाला किंवा मुंबईत अंधेरीला आयएसएलचा, म्हणजे इंडियन सुपर लीगचा, सामना पाहिलेल्या लोकांना हे सगळं जड वाटतं. तिथे महागड्या स्टँडमध्येही माणसं संघाची जर्सी घालूनच बसतात, फातोर्डाला तर नारिंगी सोडून दुसरा रंग दिसत नाही. त्या हवेत दुसरं काही घालवतही नाही. इथली रीत इथल्या इतिहासातून आली आहे, एवढं मुलाला समजावलंत तर त्याचा रुसवा थोडा कमी होईल.

सामन्याच्या आठवडाभर आधी क्लबच्या हॉस्पिटॅलिटी विभागाला एक ईमेल पाठवा. लाउंजचं नाव आणि बुकिंग क्रमांक लिहा. एक ज्येष्ठ गृहस्थ भारतीय पोशाखात आणि टोपीत येणार आहेत, एक बाई साडीत आणि आरामाच्या बुटांत येणार आहेत, असं स्पष्ट कळवा. गडद जीन्स चालेल का ते विचारा. शाकाहारी किती, अंडं चालतं का, हेही त्याच ईमेलमध्ये टाका, कारण स्वयंपाकघराला ते सामन्याच्या दिवशी सांगून उपयोग नसतो. उत्तर आलं की त्याचा स्क्रीनशॉट फोनमध्ये ठेवा. दारावर यादी घेऊन उभी असलेली मुलगी कदाचित त्या दिवशी पहिल्यांदाच उभी असेल, तिला दाखवता येतो.